बांध शेतकऱ्याचा, फाईल कोणाची?

सीमाभागात मोबाईलवर साठणाऱ्या स्थाननोंदींचा नवा प्रश्न

पुणे-बंगळूर महामार्गावर कोगनोळीचा नाका ओलांडला की महाराष्ट्र संपतो आणि कर्नाटक सुरू होते. वाहनाला नाका असतो, शेताला नसतो. कागल तालुक्यातील कुटुंबाचा एखादा तुकडा निपाणी तालुक्यात असणे, किंवा निपाणीकडच्या शेतकऱ्याने वाटणीतून, सोयरिकीतून वा खरेदीतून पलीकडची जमीन कसणे ही या पट्ट्यातील जुनीच रीत आहे. खरीप उभा राहिला की अशा शेतकऱ्याला हल्ली दोन अ‍ॅप उघडावी लागतात. महाराष्ट्रातील तुकड्यासाठी ‘ई-पीक पाहणी’ आणि कर्नाटकातील तुकड्यासाठी ‘बेळे समीक्षे’. दोन्हीकडे कृती जवळपास एकच. शेतात उभे राहायचे, पिकाचे नाव निवडायचे, छायाचित्र काढायचे आणि फोनने टिपलेले अक्षांश-रेखांश त्यासोबत पाठवायचे. फोन एक, आकाशातील उपग्रह तेच, ऊसही त्याच कांडीचा. पण फाईल दोन, आणि त्या दोहोंपैकी एकीचीही मूळ प्रत शेतकऱ्याच्या हाती राहत नाही.

वरवर पाहता ही तांत्रिक बाब वाटते. परंतु पीकविमा, आपत्तीची मदत, हमीभावाची खरेदी आणि पीककर्ज या साऱ्यांचा आधार आता हळूहळू त्या छोट्याशा फाईलवर सरकत आहे. ज्या प्रदेशात गाव कोणत्या राज्यात असावे हा वाद सात दशके चालू आहे, तेथे ‘मी येथे उभा होतो’ हे सांगणारी नोंद कोण साठवतो, कोणत्या भाषेत साठवतो आणि वेळ आली की ती कोणाला मिळते, हे प्रश्न तांत्रिक राहत नाहीत.

तलाठ्याच्या वहीपासून फोनपर्यंत

पूर्वीचा बेळगाव जिल्हा ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. सर्व्हे नंबर, हिस्सा, गुंठा, आणा हे शब्द त्या काळच्या जमीनमोजणीतून आले आणि राज्य बदलले तरी लोकांच्या तोंडून गेले नाहीत. पुढे महाराष्ट्रात एकत्रीकरणानंतर बहुतेक ठिकाणी गट नंबर आले; कर्नाटकात सर्व्हे आणि हिस्सा कायम राहिले. तिकडे सातबारा, इकडे ‘आरटीसी’. गंमत अशी की कर्नाटकात या उताऱ्यालाच बोलीभाषेत ‘पहाणी’ म्हणतात. शब्द मुळात एकच, कारण उताऱ्यात मालकाच्या नावाइतकेच महत्त्व शेतात काय उभे आहे या प्रत्यक्ष पाहणीला होते.

ती पाहणी तलाठी किंवा ग्राम लेखापाल करीत असे. अनेकदा ती शेतावर न जाता चावडीतच होई, ही तक्रारही तितकीच जुनी. त्यावर उपाय म्हणून कर्नाटकाने २०२० च्या खरिपापासून पीक सर्वेक्षणाचे अ‍ॅप थेट शेतकऱ्यांच्या हाती दिले. महाराष्ट्राने टाटा ट्रस्टच्या साहाय्याने विकसित केलेली ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू केली. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२४ रोजी २,८१७ कोटी रुपयांच्या डिजिटल कृषी मिशनला मान्यता दिली, तेव्हा डिजिटल पीक सर्वेक्षण हा त्याचा एक मुख्य भाग ठरला. हेतू चांगला आहे यात शंका नाही. शेतकरी स्वतःच्या पिकाची साक्ष स्वतः देतो, यापेक्षा योग्य काय असू शकते? अडचण येते ती साक्ष दिल्यानंतर.

फाईलमध्ये नेमके काय असते?

फोनला स्वतःचे स्थान कळण्यासाठी इंटरनेट लागत नाही, हे अजून पुष्कळांना ठाऊक नसते. उपग्रहांकडून येणारे संकेत फोन केवळ ऐकतो आणि त्यावरून आपली जागा काढतो. नेटवर्क लागते ते पार्श्वभूमीचा नकाशा उतरवण्यासाठी आणि नोंद सरकारी सर्व्हरवर चढवण्यासाठी. म्हणूनच खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात, भीमगड अभयारण्याच्या आसपासच्या वाड्यांत, जेथे सिग्नलसाठी टेकडी शोधावी लागते, तेथेही स्थान टिपता येते. ते आधी फोनमध्येच एका फाईलमध्ये साठवायचे आणि नेटवर्क मिळाल्यावर पाठवायचे, हीच अशा अ‍ॅपची पद्धत असते.

या फाईलमधील एक ओळ साधी असते. अक्षांश, रेखांश, नोंदीची वेळ आणि अचूकतेचा अंदाज. निपाणी शहर सुमारे १६.४० अंश उत्तर अक्षांश आणि ७४.३८ अंश पूर्व रेखांशावर आहे. दशांश चिन्हानंतर दोनच आकडे ठेवले तर जागा सुमारे एक किलोमीटरच्या घोळात सापडते. चार ठेवले तर सुमारे अकरा मीटर आणि पाच ठेवले तर एक मीटरच्या आसपास. याचा अर्थ पाच आकडे लिहिले म्हणजे तितकी अचूकता आली, असा मुळीच नाही. साध्या फोनची चूक उघड्या आकाशाखालीही पाचेक मीटरची असते. झाडीत, दरीत किंवा उंच उसाच्या फडात ती वाढते. अँड्रॉइड प्रणाली प्रत्येक नोंदीबरोबर जो अचूकतेचा आकडा देते, त्याचा अर्थही मर्यादित आहे. ‘पाच मीटर’ याचा अर्थ खरी जागा त्या वर्तुळात असण्याची शक्यता अडुसष्ट टक्के. म्हणजे तीन नोंदींत सुमारे एक नोंद त्या वर्तुळाबाहेर जाऊ शकते.

आता हा हिशेब गुंठ्याला लावून पाहावा. एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब व तितकीच रुंद जमीन. मीटरमध्ये सुमारे दहा बाय दहा. शेतकरी गुंठ्याच्या बरोबर मध्यभागी उभा राहिला तरी पाच मीटरचे वर्तुळ चारही बांधांना टेकते. वाटण्यांनी अरुंद झालेल्या पट्ट्यांत तर फोनची चूक शेताच्या रुंदीपेक्षा मोठी ठरू शकते. अ‍ॅपने गटाचा मध्यबिंदू गृहीत धरून शेतकऱ्याचे अंतर मोजले तर आणखी एक विसंगती उद्भवते. काटकोनात वळलेल्या शेताचा गणिती मध्यबिंदू शेजाऱ्याच्या रानात पडू शकतो. अशा वेळी आपल्या पिकात उभा असलेला माणूस यंत्राच्या लेखी दुसऱ्याच्या शेतात उभा असतो.

राज्याच्या सीमेवर ही अडचण दुप्पट होते. गावनकाशांचे डिजिटायझेशन दोन्ही राज्यांनी स्वतंत्रपणे केले आहे आणि प्रत्येक राज्याचा नकाशा त्याच्या हद्दीशी कापला जातो. कर्नाटक राज्य दूरसंवेदन उपयोजन केंद्राचे ‘दिशांक’ अ‍ॅप उभ्या जागेचा सर्व्हे नंबर सांगते, हे त्या राज्याचे उपयुक्त काम आहे. पण पाऊल हद्दीपलीकडे पडले की त्याचे ज्ञान संपते. दोन नकाशांच्या कडा एकमेकींना मीटरभरही न सरकता जुळतील अशी खात्री कोणी द्यावी? कडा जिथे जुळत नाहीत, तिथल्या बांधावरची नोंद एका अ‍ॅपला परराज्यातील वाटते आणि दुसऱ्याला ती दिसतच नाही.

स्वरूपांच्याही गमती कमी नाहीत. जीपीएक्स या जुन्या स्वरूपात अक्षांश आणि रेखांश नावासकट लिहिले जातात. जिओजेसन या स्वरूपात मात्र आधी रेखांश आणि मग अक्षांश लिहावा, असा २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रमाणकाचा दंडक आहे. हा क्रम एखाद्या कार्यालयातील संगणकावर उलटा वाचला गेला, तर निपाणीचे सोयाबीन नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात उगवलेले दिसेल. अशी ढोबळ चूक निदान लगेच ध्यानात येते. वेळेची चूक तशी ध्यानात येत नाही. पुष्कळ फाईलींत वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठवली जाते आणि ती आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असते. १ ऑगस्टच्या पहाटे पाच वाजता केलेली नोंद फाईलमध्ये ३१ जुलैच्या रात्री साडेअकराची दिसते. मुदतीच्या दिवशी हा फरक नोंद वैध की अवैध हे ठरवू शकतो.

पूर, बहात्तर तास आणि हरवलेली नोंद

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत वेदगंगा, दूधगंगा आणि कृष्णेच्या काठावरील गावांनी हे अनुभवले आहे. निपाणीजवळ यमगर्णी येथे वेदगंगेचे पाणी वाढून महामार्गाची वाहतूक थांबली, तेव्हा पाण्याने राज्याची हद्द विचारली नव्हती. नुकसानभरपाईने मात्र विचारली. प्रधानमंत्री पीकविमा योजनेत स्थानिक आपत्तीची सूचना बहात्तर तासांत द्यावी लागते. त्या बहात्तर तासांत वीज नसते, टॉवर बंद असतो, फोन चार्ज करायला उंचावरच्या पाहुण्यांकडे जावे लागते. अशा वेळी पाण्यात उभ्या पिकाचे छायाचित्र आणि स्थान फोनमध्ये साठून राहिले, एवढाच शेतकऱ्याचा आधार.

हा आधार किती पक्का? २०१९ मध्ये आलेल्या अँड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीपासून प्रत्येक अ‍ॅपला फोनच्या साठवणीत स्वतःचा बंदिस्त कप्पा मिळू लागला. दुसऱ्या अ‍ॅपने डोकावू नये यासाठी ही तटबंदी योग्यच आहे. पण अ‍ॅप काढून टाकले की तो कप्पाही त्यातील सर्व नोंदींसह पुसला जातो. ‘अ‍ॅप चालत नाही, काढून पुन्हा टाका’ हा सल्ला गावोगावी सर्रास दिला जातो. ज्याची नोंद अजून सर्व्हरवर चढलेली नाही, त्याने हा सल्ला ऐकला तर त्याची साक्ष त्याच्याच हाताने नष्ट होते. अ‍ॅपने प्रत्येक नोंद होताच ती लगेच फाईलमध्ये उतरवली नाही आणि सगळे काम शेवटी एकदम जतन करण्याचे धोरण ठेवले, तर बॅटरी संपताच अर्ध्या दिवसाचे कष्ट वाया जातात. या दोन्ही गोष्टी अ‍ॅप घडवणाऱ्याच्या हातातील आहेत, शेतकऱ्याच्या नव्हेत.

एकाच पुरात बुडालेल्या एकाच कुटुंबाच्या दोन शेतांचा हिशेबही वेगळा होतो. महाराष्ट्रात विम्याच्या सरासरी उत्पादनाचा घटक महसूल मंडळ असतो. कर्नाटकात प्रमुख पिकांसाठी ग्रामपंचायत. म्हणजे बांधाच्या अलीकडे आणि पलीकडे नुकसान सारखे असूनही सरासरी निराळी निघते. हे धोरण राज्यांनी आपापल्या सोयीने ठरवले आहे आणि तसा त्यांना अधिकार आहे. परंतु त्यामुळेच शेतकऱ्याकडे स्वतःची, दोन्हीकडे चालेल अशी नोंद असणे अधिक निकडीचे ठरते.

मजुरांच्या बाबतीत हाच धडा आधी मिळाला आहे. रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून स्थान आणि वेळ दाखवणारी मजुरांची छायाचित्रे दिवसातून दोनदा अ‍ॅपवर चढवणे सक्तीचे झाले. डोंगराळ आणि जंगलाच्या गावांत नेटवर्कअभावी हजेरी न चढल्याच्या तक्रारी देशभरातून आल्या. काम झाले, खड्डा दिसतो, माणसे साक्षीला आहेत. पण फाईल पोचली नाही म्हणून हजेरी नाही. दुसऱ्या बाजूने, कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे आणि छायाचित्रांचीच छायाचित्रे चढवून हजेरी भरली गेल्याचे केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच जुलै २०२५ मध्ये राज्यांना कळवले. प्रामाणिक माणूस अडला आणि लबाडाला वाट सापडली, असा हा दुहेरी तोटा.

पुरावा म्हणून मोल

स्थाननोंद न्यायालयात टिकते का? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून मांडता येते. मात्र तिच्यासोबत विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाईलचे हॅश मूल्य, म्हणजे फाईलमधील एक अक्षर बदलले तरी बदलणारा तिचा अंकरूपी ठसा, नमूद करावा लागतो. या विषयावरील महत्त्वाचा निकाल मराठी मुलुखातूनच गेला आहे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी, जुन्या कायद्याच्या कलम ६५ ब च्या संदर्भात, दोन गोष्टी स्पष्ट केल्या. प्रत मांडायची असेल तर प्रमाणपत्र अनिवार्य. मूळ उपकरणच मालकाने साक्षीला उभे राहून न्यायालयासमोर ठेवले तर त्याची गरज नाही.

या निकालाचा आशय शेताच्या बांधावर नेला तर त्याचे महत्त्व कळते. मूळ फाईल शेतकऱ्याच्या फोनमध्ये राहिली, तर तो स्वतःच्या साक्षीचा धनी असतो. ती केवळ सरकारी सर्व्हरवर असेल, तर ती मिळवण्यासाठी आणि तिचे प्रमाणपत्र मिळवण्यासाठी ज्याच्याशी वाद आहे त्याच कार्यालयाचे दार त्याला ठोठवावे लागते. छायाचित्रावर छापून येणारे अक्षांश-रेखांश हा याला पर्याय नव्हे, कारण ती केवळ चित्रावरची अक्षरे असतात आणि ती बदलता येतात. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र म्हणून पाठवलेल्या छायाचित्रातून आतील स्थाननोंद गळून जाते. पुराव्यासाठी ते चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे लागते, ही साधी गोष्टही शेतकऱ्यांपर्यंत पोचलेली नाही.

तंत्रज्ञानाला किती मान द्यावा याचा उत्तम दंडक वनहक्क कायद्याच्या २०१२ मध्ये सुधारलेल्या नियमांत आधीच आहे. उपग्रह प्रतिमा आणि इतर तंत्रज्ञान अन्य पुराव्याला पूरक ठरू शकते, त्याची जागा घेऊ शकत नाही, असे ते नियम सांगतात. खानापूरच्या जंगलपट्ट्यातील दाव्यांना लागू असलेले हे तत्त्व निपाणीच्या सोयाबीनला लागू नसण्याचे कारण नाही. पंचनामा, शेजाऱ्यांची साक्ष, बियाण्याची पावती आणि साखर कारखान्यातील उसाची नोंद यांना अ‍ॅपच्या एका ओळीने निकालात काढू नये.

आकड्यांना भाषा नसते, नावांना असते

अक्षांश-रेखांश कन्नड नसतात आणि मराठीही नसतात. सीमाभागाच्या वादात इतकी तटस्थ वस्तू दुसरी सापडणे कठीण. परंतु फाईलमधील बाकीचे रकाने भाषेचे असतात. गावाचे नाव, पिकाचे नाव, सूचना, चूक झाल्याचा संदेश. कर्नाटकाच्या महसुली कारभाराची भाषा कन्नड आहे आणि तिथल्या सरकारी अ‍ॅपची बांधणीही कन्नड भाषकाला समोर ठेवून झाली आहे. कन्नड वाचू न शकणारा मराठी शेतकरी मुलाला किंवा गावातल्या जाणत्या तरुणाला फोन देतो आणि ‘भर’ म्हणतो. शेतकऱ्याची स्वतःची साक्ष म्हणून जिचा गौरव झाला, ती येथे पुन्हा दुसऱ्याच्या हातची होते. पूर्वी तलाठी भरत असे, आता शेजारचा पोरगा भरतो. चूक झाली तर जबाबदार मात्र शेतकरी.

मराठी भाषकांची मराठीतून कागदपत्रे मिळण्याची मागणी जुनी आहे आणि तिच्याभोवती राजकारणही पुष्कळ झाले आहे. महाजन आयोगाने ऑगस्ट १९६७ मध्ये निपाणीसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत आणि बेळगाव कर्नाटकात राहावे अशी शिफारस केली. महाराष्ट्राने ती नाकारली. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुसंख्या ही सूत्रे लावावीत, हा त्याचा आग्रह राहिला. २००४ मध्ये महाराष्ट्राने दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल जो लागायचा तो लागेल. अ‍ॅपमध्ये भाषा निवडण्याची सोय देण्यासाठी त्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही. अ‍ॅपमध्ये मराठी आल्याने निपाणी महाराष्ट्रात जात नाही आणि ई-पीक पाहणीत कन्नड आल्याने जत किंवा अक्कलकोट कर्नाटकात जात नाही. सीमेच्या दोन्ही अंगांना अल्पसंख्य भाषक आहेत. सोय दोघांचीही व्हायला हवी.

माहिती मागण्याच्या कायद्यातही भाषेची ही फट आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार नागरिकाला माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही मिळवता येते. म्हणजे स्वतःच्या शेताच्या नोंदीची फाईल मागण्याचा मार्ग कायद्याने खुला आहे. परंतु अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करावा लागतो. बेळगावात ती भाषा कन्नड. मराठीतून विचार करणाऱ्या शेतकऱ्याला आपलीच फाईल मागण्यासाठी आधी अनुवादक शोधावा लागतो.

कायद्याची अपुरी सावली

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातील बहुतांश जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी अमलात येणार आहेत. या कायद्याकडून शेतकऱ्याला काय मिळते? २०१९ च्या विधेयकात आपली माहिती यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात परत मिळवण्याचा, ती दुसरीकडे नेण्याचा हक्क प्रस्तावित होता. अंतिम कायद्यातून तो गळाला. आपली माहिती पाहण्याचा जो हक्क कलम ११ मध्ये आहे, तो ज्याला आपण संमती दिली त्याच्याविरुद्ध चालतो. अनुदान, लाभ किंवा सेवा देण्यासाठी सरकार जी माहिती वापरते, तिला कलम ७ नुसार ठरावीक अटींवर अशा संमतीची गरज नसते. त्यामुळे पीकनोंदीच्या फाईलपुरता हा हक्क कितपत उपयोगी पडेल, हा प्रश्न उरतोच. खासगी कंपनीकडून जे मागता येईल, ते सरकारकडून मागताना हात आखडता घ्यावा लागावा, हे उलटे आहे.

प्रत हाती असण्याला दुसरी बाजूही आहे. स्थानांची फाईल म्हणजे माणसाच्या हालचालींचा आरसा. तो कधी शेतात होता, कधी बाजारात, कधी सभेत, हे तीवरून कळू शकते. गुगलने आपल्या नकाशातील प्रवासाचा इतिहास सर्व्हरऐवजी फोनमध्येच ठेवण्याचा निर्णय डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केला, त्यामागे हीच चिंता होती. १ नोव्हेंबरला एकीकडे राज्योत्सव आणि दुसरीकडे काळा दिवस पाळला जाणाऱ्या शहरात कोण कुठे होता ही माहिती निरुपद्रवी मानता येत नाही. म्हणून पीकनोंदीच्या अ‍ॅपने ते वापरात असतानाच, आणि शेतातील त्या क्षणापुरतेच स्थान घ्यावे. पार्श्वभूमीत ते घेत राहू नये. शेतकऱ्यानेही परवानगी देताना ‘अ‍ॅप वापरताना’ हाच पर्याय निवडावा. २०२७ च्या जनगणनेतही मोबाईल अ‍ॅप आणि इमारतींचे स्थान यांचा वापर होत आहे. परंतु जनगणना अधिनियम, १९४८ नुसार तेथील व्यक्तिगत नोंदी गोपनीय असतात आणि पुरावा म्हणूनही मांडता येत नाहीत. कोणती नोंद माणसाला दाखवायची आणि कोणती कोणालाच दाखवायची नाही, हा विवेक जनगणनेच्या कायद्याने पाऊणशे वर्षांपूर्वी दाखवला. पीकनोंदीच्या बाबतीत तो अजून कोणी लिहून काढलेला नाही.

गोव्याने का पाहावे?

हा प्रश्न चोर्ला घाटापलीकडचा आहे असे समजून गोव्याला स्वस्थ बसता येणार नाही. बेळगावची भाजी रोज गोव्याच्या बाजारात उतरते. ती पिकवणाऱ्याला विम्याचा आणि कर्जाचा आधार मिळतो की नाही, याचा संबंध येथील ताटाशी आहे. म्हादईचा उगम खानापूर तालुक्यातला आणि कळसा प्रकल्पाची कणकुंबीही त्याच तालुक्यात. तिथल्या कामाबद्दल कोणी काही सांगितले की पहिला प्रश्न येतो तो ‘नेमके कुठे आणि केव्हा’ हाच. स्थान आणि वेळ यांची शाबूत फाईल असेल तरच छायाचित्राला पुराव्याचे वजन येते.

शिवाय गोव्याचा स्वतःचा एक-चौदाचा उताराही याच वाटेने निघाला आहे. देशभर जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला त्याच्या अक्षांश-रेखांशावर आधारित चौदा अंकाक्षरी ओळख देण्याचे काम सुरू आहे. येथील राजभाषा कायदा कोकणीला राजभाषेचा दर्जा देतो आणि मराठीच्या वापराची तरतूद करतो. तरीही फोनवरचा सरकारी पडदा बहुधा इंग्रजीतच उघडतो. सीमाभागातील शेतकऱ्याची जी अडचण, तीच सत्तरी किंवा पेडण्यातील कुळाची होण्यास फार काळ लागणार नाही.

उपाय अवघड नाहीत

यातील बहुतेक उपायांना ना आयोग लागतो ना न्यायालय. नोंद यशस्वी झाल्यावर अ‍ॅपमध्ये ‘माझी प्रत’ असे एक बटण असावे. त्यातून दोन फाईली मिळाव्यात. एक शेतकऱ्याला वाचता येईल अशी, त्याच्या भाषेतील पावती. दुसरी यंत्राला वाचता येईल अशा खुल्या स्वरूपातील. दोन्हींवर अक्षांश, रेखांश, अचूकतेचा आकडा, भारतीय प्रमाणवेळ, सर्व्हे किंवा गट नंबर आणि फाईलचा अंकठसा असावा. प्रत अ‍ॅपच्या बंदिस्त कप्प्यात न ठेवता शेतकरी सांगेल त्या जागी साठावी, म्हणजे अ‍ॅप गेले तरी ती राहील. न पाठवलेली नोंद शिल्लक असताना अ‍ॅपने ठळक इशारा द्यावा. अचूकता शेताच्या रुंदीपेक्षा वाईट असेल तर नोंद नाकारण्याऐवजी ‘पडताळणी आवश्यक’ असा शेरा मारून स्वीकारावी.

दोन राज्यांनी मिळून करण्याचे काम एकच आहे. सीमेवरील गावांच्या नकाशांच्या कडा एकत्र बसून जुळवणे. कोणते गाव कोणाचे, याला हात न लावताही कोणता बांध कुठे आहे यावर भूमापन अधिकाऱ्यांचे एकमत होऊ शकते. कोल्हापूर आणि बेळगावचे जिल्हाधिकारी पुराच्या काळात धरणांच्या विसर्गाबाबत एकमेकांशी बोलतात. मग बांधाबाबत बोलणे अशक्य का असावे?

तोवर शेतकऱ्याने आपल्यापुरती काळजी घेणे भाग आहे. नोंद केल्यावर लगेच पडद्याचे छायाचित्र घ्यावे, मूळ छायाचित्र फोनमधून काढून टाकू नये, त्याची एक प्रत दुसऱ्या फोनमध्ये किंवा मेमरी कार्डावर ठेवावी आणि नोंद चढली आहे की नाही हे तपासल्याशिवाय अ‍ॅपला हात लावू नये. हे सांगणे सोपे आहे, आणि ज्याच्या घरात पुराचे पाणी शिरले आहे त्याने हे सारे सांभाळावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, हेही तितकेच खरे. म्हणूनच ती जबाबदारी अ‍ॅप घडवणाऱ्यांवर आणि ते लादणाऱ्यांवर जाते.

तलाठ्याच्या वहीत चूक झाली तर शेतकरी निदान चावडीत जाऊन ती वही उघडायला लावत असे. अक्षर ओळखीचे होते आणि पान बोटाने दाखवता येत होते. नव्या वहीला पाने नाहीत. ती कुठल्या शहरातील कुठल्या यंत्रात आहे हे तिच्यात नोंद करणाऱ्यालाही ठाऊक नसते. पाहणी शेतकऱ्याकडे सोपवली, हे दोन्ही राज्यांनी योग्य केले. पण पाहणी ज्याची, प्रतही त्याची, एवढा साधा नियम पाळला गेला नाही, तर बांधावर उभा असलेला माणूस आपल्याच शेतात उपरा ठरेल. मग ते शेत महाराष्ट्रात असो की कर्नाटकात.